आ करा आणि सांगा

"घ्यावी का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

खुर्चीत आडव्या झालेल्या मास्तरांच्या तोंडात त्या वेळी कापसाचे दोन बोळे, एक आरसा, लाळ ओढणारी नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं होती. मास्तर म्हणाले, "आं."

"मलाही तेच वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि दाढ कोरायची सोडून पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

दवाखान्याच्या समोरच, रस्त्यापलीकडच्या अंगणात, वकीलसाहेबांची काळी गाडी उभी होती. उभी कसली, बसलीच होती बिचारी! चारही चाकांतली हवा गेलेली, टपावर पाखरांनी वर्षानुवर्षं केलेली कृपा, आणि मागच्या चाकातून शिरलेली एक वेल थेट पुढच्या दिव्यापर्यंत पोचलेली. पण गाडी परदेशी, लांबलचक, राजेशाही. एके काळी ती रस्त्यावरून गेली की माणसं बोलता बोलता थांबायची. मग वकीलसाहेबांची नजर अधू झाली आणि गाडी जी अंगणात लागली ती लागलीच. आता परदेशातल्या मुलाचं फर्मान आलं होतं की अंगण मोकळं करा. शनिवारी भंगारवाला येणार होता. त्याआधी कुणी नेली तर भंगाराच्या भावात द्यायला वकीलसाहेब राजी होते.

भंगार हा शब्द ऐकला आणि डॉक्टरांचं डोकं फिरलं. दात काढायचा नाही, वाचवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं ब्रीद. किडलेल्या, हललेल्या, सगळ्यांनी सोडून दिलेल्या दाढा त्यांनी वाचवल्या होत्या. मग ही एवढी मोठी गाडी डोळ्यांदेखत उपटून नेऊ द्यायची? शिवाय घरची गोष्ट वेगळीच होती. त्यांच्या स्वतःच्या छोट्या पांढऱ्या गाडीला त्यांचे साडू भर पंगतीत 'साबणाची डबी' म्हणायचे आणि सगळे हसायचे. डॉक्टरही हसायचे, पण घरी येऊन त्यांना जेवण जायचं नाही.

अडचण एकच होती. पैसे होते ते एकाच गोष्टीपुरते होते, आणि ती गोष्ट आधीच ठरलेली होती.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून पेशंटना वेळा द्यायच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांना बर्फ दाखवायचं कबूल केलं होतं. तेव्हापासून दर वर्षी काही ना काही आडवं आलं. कधी नवी खुर्ची घ्यावी लागली, कधी छत गळायला लागलं, कधी मुलीची परीक्षा. बाईंनी आजवर बर्फ पाहिला तो फक्त दवाखान्याच्या फ्रिजमध्ये. यंदा मात्र त्यांनी स्वतः जाऊन डोंगरातल्या सहलीच्या दोन जागा सांगून ठेवल्या होत्या. होय की नाही ते सहलवाल्याला शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

"अहो, कळवू का त्यांना?" बाईंनी दारातून विचारलं.

"बघू. विचार करून सांगतो."

"सोमवारपासून विचारच चाललाय."

"अगं, घाईत घेतलेला निर्णय आणि घाईत बसवलेली कवळी, दोन्ही आयुष्यभर टोचतात."

बाईंनी दार जरा जोरातच लावलं.

डॉक्टर मात्र सल्ला घेण्यात कुठेही कमी पडत नव्हते. येईल त्या पेशंटला ते विचारत होते, फक्त त्याचं तोंड आधी उघडून. त्यामुळे झालं काय, की आठवडाभरात एकानेही गाडीला विरोध केला नाही. काही जण "आं" म्हणाले, काही "ऊं" म्हणाले, एका आजींच्या तर डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना वाटलं, लोकांना किती कळकळ असते!

गुरुवारी गॅरेजवाला कवळीचं माप द्यायला आला. हा खरा जाणकार माणूस. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात मापाचा गिळगिळीत गोळा दाबून बसवला आणि मग विचारलं, "समोरची काळी गाडी घ्यायचं म्हणतोय. ठीक आहे ना?"

गॅरेजवाल्याचे डोळे विस्फारले. त्याने दोन्ही हात जोरजोरात हलवले. मग स्वतःच्या गळ्यावरून आडवा हात फिरवला.

"घशात उतरतंय का? नाकाने श्वास घ्या," डॉक्टर म्हणाले. "झालंच आता."

गोळा निघाल्यावर गॅरेजवाला तावातावाने बोलायला गेला, पण दुखऱ्या हिरडीसाठी दिलेल्या इंजेक्शनने त्याची अर्धी जीभ आणि सबंध ओठ बधिर झाला होता. बोलणं बाहेर आलं ते नुसतं लाळेसकट आलं. दोन-तीनदा प्रयत्न करून त्याने कपाळावर हात मारला आणि तो निघून गेला.

"त्याचंही मत अनुकूल दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

तरीही डॉक्टरांचं ठरेना. ते उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे, पेशंटचं तोंड उघडं ठेवून पुन्हा खिडकीशी जायचे. शेवटी त्यांना वाटलं, कुठलीही दाढ आधी साफ केल्याशिवाय तिच्यात किती जीव आहे ते कळत नाही. तेव्हा घ्यायचं की नाही ते नंतर बघू, आधी साफसफाई तर करू. त्याच संध्याकाळी बाह्या सरसावून ते बादली, फडकं आणि दवाखान्यातले दोन जुने ब्रश घेऊन अंगणात उतरले.

आणि काय सांगावं! धूळ निघाली तसा खालून असा काळाभोर रंग वर आला की त्यात डॉक्टरांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो चेहराही त्यांना जरा श्रीमंत वाटला. त्या भरात त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूची काच वरून जोरात पुसली. काच खर्रकन घसरली आणि दाराच्या पोटात गेली. वर येईना.

आता आली का पंचाईत! शुक्रवारी आभाळ भरून आलं. उघड्या खिडकीतून पाऊस आत गेला तर कातड्याच्या खुर्च्यांचं वाटोळं, आणि वकीलसाहेब म्हणणार, तुम्ही हात लावलात तेव्हापासून झालं. दिवसभर डॉक्टरांनी खिडकीला आपला पांढरा कोट लावून ठेवला. वाऱ्याने त्याच्या बाह्या हलायच्या आणि येणारे-जाणारे डॉक्टरांना नमस्कार करून जायचे.

काच विजेवर चालणारी होती. म्हणजे बॅटरी हवी. शनिवारी सकाळी डॉक्टरांनी साबणाच्या डबीतली बॅटरी काढली, काळ्या गाडीला जोडली, बॉनेट धाडकन लावलं, पुन्हा अंगात चढवलेला कोट सावरला आणि आत बसून गाडीतच लावून ठेवलेली किल्ली फिरवली.

काच वर आली. फार झोकात वर आली. तिच्यामागोमाग चारही दारांची कुलपं खटखट लागली आणि चोरीचा भोंगा बोंबलायला लागला.

डॉक्टरांनी दाराची मूठ ओढली. मूठ हातात आली. त्यांनी बॉनेट उघडायचा दांडा खेचला. तोही हातात आला. काचेचं बटण दाबलं तर काच जागची हलेना, उलट काच पुसायच्या काठ्या समोर चर्र चर्र नाचायला लागल्या. किल्ली मागे फिरवली तरी भोंगा बंद होईना.

दवाखान्यातून डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांच्या मागून गळ्यात रुमाल अडकवलेले मास्तर आले. घरातून काठी टेकत वकीलसाहेब आले. आणि नेमका त्याच वेळी भंगारवाला आपला टेम्पो घेऊन दारात येऊन थांबला.

"कोण आहे आत?" वकीलसाहेबांनी डोळे बारीक करून विचारलं.

"आमचे हे!" बाई ओरडल्या. "अहो, काहीतरी करा! उन्हाने उकडून निघतील ते!"

काचेमागे डॉक्टरांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. शब्द एकही बाहेर येत नव्हता. ते हातवारे करत होते, काचेवर थापा मारत होते.

"फार आनंदात दिसतायत," वकीलसाहेब म्हणाले. "गाडी पसंत पडली असावी."

"काच फोडा हो!" बाई म्हणाल्या.

"फोडायला हरकत नाही," वकीलसाहेब भोंग्याच्या वर आवाज काढत म्हणाले, "पण फोडायची कुणी? समजा, मी फोडली आणि मग डॉक्टर म्हणाले गाडी घेतो, तर फुटकी गाडी गळ्यात मारल्याचा ठपका माझ्यावर. ते घेत असतील तर गाडी त्यांची, त्यांनी फोडावी. घेत नसतील तर ह्या माणसाची, ह्याने फोडावी. आधी गाडी कुणाची ते ठरू द्या."

"माझी झाली की मी एका दणक्यात फोडतो बघा," भंगारवाल्याने हातोडा काढून दाखवला.

"मग विचारा त्यांना!"

"ऐकू कुठे जातंय?"

बाईंनी मास्तरांच्या खिशातला खडू ओढून घेतला, टेम्पोतला एक गंजका पत्रा उचलला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गाडी घेताय? हो की नाही?' तो पत्रा त्यांनी काचेला लावला.

डॉक्टरांनी वाचलं. घाम डोळ्यांत उतरत होता, भोंग्याने कानठळ्या बसत होत्या, हातात तुटकी मूठ होती. कुठल्याही शहाण्या माणसाने ताबडतोब 'नाही' म्हणून मान हलवली असती. डॉक्टरांनीही हलवायला घेतली होती. पण पाठ टेकली होती त्या कातड्याच्या खुर्चीला. काय ती खुर्ची! अशी मऊ खुर्ची दवाखान्यात असती तर पेशंट उठले नसते. समोरची लाकडी पट्टी उन्हात चमकत होती. एक मूठ, एक दांडा, एवढंच तर तुटलंय, ते काय बसवता येणार नाही? साडूंच्या दारात ही गाडी वळवली तर त्यांचं तोंड कसं होईल? आणि बर्फ काय, तो काही पळून जात नाही. पण हिने दोन जागा सांगून ठेवल्यात... पण भंगारात... पण...

डॉक्टरांनी काचेमागून एक बोट वर केलं. एक मिनिट थांबा.

ते बोट बाईंनी बघितलं. त्यांना त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. त्यांनी पत्रा सावकाश खाली ठेवला, हाताला लागलेला खडू पदराला पुसला आणि पर्समधून फोन काढला. सहलवाल्याचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन येत होता.

"हो, मीच बोलतेय," त्या एक कान दाबून म्हणाल्या. "एकच जागा धरा. हो, एकच. नाही, ते येत नाहीत. ते गाडीत बसलेत."

मग त्या भंगारवाल्याकडे वळल्या. "घेऊन जा."

"साहेबांना विचारायचं ना?"

"ते विचार करतायत. त्यांना करू दे. तू फोड."

वकीलसाहेबांनी मान डोलावली. भंगारवाल्याने मागची काच एका दणक्यात फोडली, आणि त्या धक्क्याने की दमून, कोण जाणे, भोंगाही घुंई करून बसला. मागच्या खिडकीतून आधी डॉक्टरांचं टक्कल आलं, मग पांढरा कोट, मग बाकीचे डॉक्टर. मास्तरांनी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. मास्तरांनी जरा जास्तच जोर लावला असं डॉक्टरांना वाटलं.

"माझी बॅटरी," उभं राहिल्यावर त्यांचा पहिला शब्द.

"गाडीतलं सगळं आता माझं," भंगारवाला म्हणाला. बरीच घासाघीस झाल्यावर डॉक्टरांनी स्वतःचीच बॅटरी त्याच्याकडून विकत घेतली. काळी गाडी दोरखंडाला लागली आणि टेम्पोमागे मुकाट निघून गेली. डॉक्टर ती वळणापर्यंत बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं, खरोखर वाटलं, पण सबंध आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचे पाय एका जागी ठरले होते.

"बरं झालं बुवा, सुटलो एकदाचे," ते हसून म्हणाले. "अगं, आता त्या सहलवाल्याला कळवून टाक."

"कळवलं."

"वा! दोन्ही जागा पक्क्या?"

"एक."

"एक? आणि माझी?"

"तुम्हाला एक मिनिट हवं होतं ना? आता चांगले आठ दिवस घ्या."

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. बाई काही रागावलेल्या दिसत नव्हत्या. तेच तर वाईट होतं. रागावल्या असत्या तर समजूत काढता आली असती. त्यांनी पायातल्या चपला नीट केल्या आणि त्या बाजाराच्या दिशेने चालायला लागल्या.

"कुठे निघालीस?"

"लोकरीचे मोजे आणायला. तिकडे पाय गारठतात म्हणे."

बॅटरी दोन्ही हातांत पोटाशी धरून डॉक्टर त्यांच्या मागे निघाले. बॅटरी जड होती, ऊन मी म्हणत होतं आणि कोटावर काचेचे तुकडे चमकत होते. एवढ्या वर्षांत ही बाई बर्फात कशी दिसेल, हे आपण कधी मनात आणून बघितलंच नाही, असं त्यांना अचानक वाटलं.

"अगं, थांब. मी येऊ का?"

बाई थांबल्या. वळून त्यांनी डॉक्टरांकडे नीट पाहिलं, कोटावरचा एक काचेचा तुकडा अलगद उचलून बाजूला टाकला आणि त्या पुन्हा चालायला लागल्या.

"बघते," त्या म्हणाल्या. "विचार करून सांगते."