उडती होडी आणि दौंडचे पाहुणे

दौंडचे पाहुणे दुपारच्या जेवणाला येणार होते आणि सकाळीच जोराचं वारं सुटलं. अफताबची पंचाईत झाली.

अफताब यवतचा. तीनेक वर्षं गोव्यात बोटींच्या कारखान्यात काम करून तो परत आला, तेव्हा कुणा गोऱ्याने टाकून दिलेली शिडाची छोटी होडी टेम्पोत घालून घेऊन आला. तिच्या पोटाखाली पाण्यात दोन पंख होते. वेग धरला की होडी त्या पंखांवर उचलली जायची आणि पाण्याला न टेकता हातभर वरून पळायची. गोव्यात तरी पळायची. वरवंडच्या तलावात ती अजून एकदाही उचलली नव्हती, कारण पुरेसं वारं कधी लागलंच नव्हतं.

"आज घराबाहेर पाय टाकायचा न्हाई," आई गुलशनने बजावलं होतं. पाहुणे आसमीनच्या घरचे होते. भांडगावच्या एका लग्नात अफताबने आसमीनला पाहिलं होतं आणि तेव्हापासून बाकीच्या सगळ्या स्थळांना तो नाही म्हणत आला होता.

"दाढी करून येतो, अम्मी," असं म्हणून त्याने मोटारसायकल काढली आणि थेट वरवंड गाठलं.

होडी त्याच्या मित्राच्या, बाळासोच्या झेंडूच्या मळ्यात ठेवलेली असायची. दोघांनी ती पाण्यात लोटली. अफताबने शीड ताणलं, होडीने वेग घेतला, आणि एकदम पाण्याचा खळखळाट थांबला. होडी वर उचलली गेली होती. अफताब आनंदाने ओरडला.

मग त्याला समोर म्हशी दिसल्या.

"मावशी, म्हशी काढा! म्हशी काढा!"

"का म्हनून?" काठावरून म्हशी राखणाऱ्या पुतळाबाई ओरडल्या. "त्या रोज येत्यात. तू आज आलायस."

अफताबने होडी वळवली. म्हशी वाचल्या, पण त्या बाजूला पाणी उथळ होतं. पंख गाळात घुसले, होडी जागच्या जागी थांबली आणि अफताब तेवढा पुढे गेला. तो उठला तेव्हा कमरेपर्यंत गाळात रुतला होता आणि डोक्यापासून छातीपर्यंत काळा झाला होता. धडपड करेल तसा आणखी खाली जात होता.

बाळासो हायवेवर पळाला आणि दिसेल त्या गाडीला हात करू लागला. एक जीप थांबली. दोर होता तिच्यात.

जीपमधून खादीच्या पांढऱ्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांचा मुलगा उतरले. तलावाकडे बघून गृहस्थांचे डोळे चमकले. "रेल्वेत आख्खा जल्म रुळावरून पडलेले डबे काढले मी. ह्ये काय! सलमान, गाडी उलटी घे."

बाळासोने पोहत जाऊन दोर अफताबच्या काखेतून बांधला. जीपने ओढ घेतली.

"दमानं!" गृहस्थ ओरडत होते. "आम्हाला यवतला जायचंय जेवायला. पोरीसाठी पोरगा बघायचाय!"

हे आसमीनचे अब्बा, हे ओळखून अफताबने तोंडावरचा गाळ पुसायचा तसाच ठेवला. तो काठाला लागला तेव्हा गृहस्थांनी विचारलं, "नाव काय रं तुझं?"

"बाळासो," अफताब म्हणाला.

"मग मी कोन?" बाळासो म्हणाला.

"तू सर्जेराव!"

"घरात कुनी सांगनारं न्हाई का रं तुला?" गृहस्थ म्हणाले. तेवढ्यात जीपचीच मागची चाकं काठाच्या चिखलात बसली.

"ट्रॅक्टर आनतो," बाळासो म्हणाला. "मीबी जातो," म्हणत अफताब त्याच्यामागे पळाला आणि मोटारसायकल जी काढली ती घरीच. घासून आंघोळ केली, इस्त्रीचे कपडे घातले आणि बैठकीत जाऊन बसला.

पाहुणे फार उशिरा आले. आसमीनच्या अब्बांचा, इनुसभाईंचा पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता आणि सलमानच्या पायात एकच चप्पल होती.

"माफ करा," इनुसभाई दारातच म्हणाले. "वाटेत एक येडा काढत हुतो."

गुलशनने सलाम केला, पाणी दिलं आणि अफताबला आत ओढलं. "बघितलीस मानसं? पयल्यांदा येत्यात आन् असं चिखलात लोळून? येडा म्हनं! असल्या घरची पोरगी नको. जेवू घाल आन् तुझ्या अब्बांना सांग, नकार कळवा."

"अम्मी, चांगली मानसं हायत ती."

"तुला काय म्हाईत?"

अफताब बाहेर जाऊन इनुसभाईंसमोर उभा राहिला.

"चाचा, त्यो येडा मीच."

अफताबच्या अब्बांनी डोळे मिटले. सलमानने आपल्या उघड्या पायाकडे पाहिलं.

"आन् बाळासो?" इनुसभाईंनी विचारलं.

"त्यो सर्जेराव हाय. म्हंजी, सर्जेराव बाळासो हाय."

"खोटं नाव का सांगितलंस?"

"तुम्ही आसमीनचे अब्बा हाय म्हनल्यावर घाबारलो."

इनुसभाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग ते सलमानकडे वळले.

"पोरगा सासऱ्याला घाबारतोय," ते समाधानाने म्हणाले. "आनखी काय बघायचं असतं?"

आत गुलशनने कपाळावर हात मारला आणि ताटं वाढायला घेतली.