देव पाण्यात, टीम गाळात

सकाळी आठच्या सुमारास सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये सत्तरीकडे झुकलेले एक मराठी गृहस्थ डोक्यावरच्या टोपीची आतली बाजू बाहेर काढून, शिवणी आणि धुण्याच्या सूचनांची पट्टी साऱ्या जगाला दाखवत उभे असतील, तर खुशाल समजावं की अमेरिकेत आमची टीम हरते आहे.

आमची म्हणजे सबनीसकाकांची. मी नुसता शेजारी. पण सबनीसकाकांच्या शेजाऱ्याला तटस्थ राहण्याची सोय नाही. मी पुण्याचा, क्रिकेटवर वाढलेला. ज्या खेळात फलंदाज चेंडू मारल्याबरोबर बॅट फेकून पळत सुटतो, त्या खेळाबद्दल मला आदर वाटण्याचं काही कारण नव्हतं. तरीही आज मला बेसबॉलचे नियम पाठ आहेत, ते केवळ आमची दारं समोरासमोर आहेत म्हणून.

टीम मागे पडली की टोपी उलटी करायची, म्हणजे नशीब पालटतं, ही तिकडच्या प्रेक्षकांची समजूत. काकांनी ती सोवळ्यासारखी पाळली. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा ते तसेच येऊन पुढच्या रांगेत बसले. गुरुजींनी पोथी थांबवून विचारलं, "डोक्याला काही लागलंय का?" काका म्हणाले, "अजून नाही. आठवी इनिंग चालू आहे."

ही टीम कोणत्या शहराची ते सांगत नाही. तिथले लोक आधीच दुःखात आहेत. काका इथल्या एका बँकेच्या हिशेब खात्यात होते, सिंगापूरचे पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झाले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. मुलगा अमेय त्या शहरात शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. काका-काकू एकदा त्याच्याकडे गेले असताना त्याने वडिलांना मॅचला नेलं. काकांना त्या दिवशी काहीही कळलं नाही. "पण तो शेजारी बसून समजावत होता रे," ते मला एकदा म्हणाले होते. "एरवी मी समजवायचो, तो ऐकायचा. त्या दिवशी उलटं." परत आल्यावर त्यांनी दोन महिन्यांत तो खेळ असा घोटला, की बँकेच्या परीक्षेला सुद्धा इतका अभ्यास केला नसेल.

तिकडे संध्याकाळ म्हणजे इथे सकाळ. त्यामुळे काकांचं सगळं वेड सकाळच्या चहाबरोबर चालायचं. खेळाडूंची खरी नावं त्यांना जमायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं होतं. शेवटच्या इनिंगला येऊन मॅच संपवणारा पिचर, आपल्या भाषेत गोलंदाज, म्हणजे 'भैरवी'. भरमसाट पगार देऊन आणलेला आणि उभ्या सीझनमध्ये काहीही न केलेला फलंदाज म्हणजे 'जावईबापू'. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेला असताना फोनवर मेसेज यायचा: 'जावईबापू पुन्हा हात हलवत परत.' किंवा, 'भैरवी बेसूर. तीन धावा दिल्या.' शेजारी बसलेल्या माझ्या चिनी मॅनेजरला वाटायचं, माझ्या घरात काहीतरी मोठं कौटुंबिक संकट आहे.

त्या वर्षी सप्टेंबर उजाडला तेव्हा टीम गळ्यापर्यंत गाळात होती. प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. तिथे जायला आता चमत्कारच हवा होता. काका मात्र निर्धास्त. त्यांचं एक पालुपद होतं, "गणित अजून संपलेलं नाही!" हे वाक्य ते कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यालाही ऐकवायचे. तोही "कॅन, अंकल, कॅन" म्हणून त्यांच्या कॉफीत साखर जास्त घालायचा.

एका रविवारी त्यांनी मला ते गणित समजावलं.

"हे बघ मंदार, आपण उरलेल्या सगळ्या मॅचेस जिंकायच्या."

"ठीक."

"वरच्या दोन टीम्सनी सगळ्या हरायच्या."

"बरं."

"की आपण आत!"

"पण काका, त्या दोघींची आपसातली मॅच आहे ना शेवटच्या आठवड्यात? दोघीही कशा हरतील?"

काकांनी खिडकीबाहेर, आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिथे जरा अडचण आहे. पण पाऊस पडू शकतो."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, पाऊस पडला म्हणून दोघी हरतात का?"

"अगं, गणित अजून संपलेलं नाही!"

काकूंनी मला खुणेने आत बोलावलं. पोह्यांवर खोबरं पेरता पेरता हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना नावं ठेवू नकोस हो. सीझन असतो तोवर आमचा अमेय रोज फोन करतो. मॅच चालू असतानाच करतो. टीम बाहेर पडली की फोन बंद, तो थेट दिवाळीला. प्लेऑफमध्ये गेले तर ऑक्टोबरभर बोलेल, एवढंच."

ते फोन मी ऐकले होते. काका स्पीकर लावायचे. "पाहिलंत का बाबा?" "पाहिलं." "याला आधीच काढायला हवं होतं." "तेच म्हणतोय मी." "ठेवू?" "ठेव." संपलं. पण त्यानंतर काका घरभर असे वावरायचे, जणू मुलगा आत्ताच जेवून उठला आहे.

"मग तुम्हीच का करत नाही फोन?" मी एकदा काकांना विचारलं.

"मी केला की तो घाबरतो. उचलताच विचारतो, 'काय झालं? आई बरी आहे ना?' सगळं ठीक आहे म्हटलं की पुढे दोघांनाही सुचत नाही." ते टोपी हातात घेऊन फिरवत राहिले. "लहानपणी आम्ही मार्कांवर बोलायचो. शाळा संपली, मार्क संपले. आता हे आहे."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. म्हणून मी जावईबापूंची चौकशी केली.

त्याच आठवड्यात काकांनी देव पाण्यात घातले. आपण सगळेच म्हणतो, की अमुक माणूस देव पाण्यात घालून बसलाय. काकांनी ते अक्षरशः केलं. देव्हाऱ्यातला अंगठ्याएवढा पितळी गणपती उचलला आणि काचेच्या वाडग्यात पाणी भरून त्यात बसवला. मनातलं पुरं होईपर्यंत बाहेर काढणार नाही म्हणाले. वाडगा खिडकीशी, टीव्ही दिसेल असा.

"देवाला बेसबॉल कळतं का?" काकूंनी विचारलं.

"त्याला सगळं कळतं."

आता दुसऱ्या कुठल्या देशात हे खपून गेलं असतं. सिंगापुरात साचलेलं पाणी ही गंभीर गोष्ट आहे. डेंग्यूचे दिवस होते. घरोघरी तपासणी चालू होती. आळ्या सापडल्या की दंड. मी नेमका साखर मागायला गेलो होतो तेव्हा तपासणीला आलेली मलय बाई हातात टॉर्च घेऊन वाडग्यासमोर उभी होती. चाळिशीची, शांत, अतिशय विनयशील.

"अंकल, धिस वन व्हाय इन वॉटर?"

"दॅट इज गॉड," काका म्हणाले.

तिने टॉर्च आदराने थोडा खाली केला. पण सोडलं नाही. "गॉड ऑल्सो कॅनॉट, अंकल. मॉस्किटो डोन्ट नो."

"टेम्पररी! ओन्ली टिल प्लेऑफ!"

मग काकांनी तिला सगळं सांगितलं. टीम, प्लेऑफचं गणित, भैरवी, देवावर थोडा दबाव आणण्याची आमची पद्धत. ती बाई सगळं ऐकून घेऊन वाकली, तिने गणपतीच्या सोंडेपासून पायापर्यंत टॉर्च फिरवला. आळी एकही नव्हती. "चेंज वॉटर एव्हरी डे, कॅन?" "कॅन, कॅन," काका म्हणाले. दारातून बाहेर पडताना ती वळून म्हणाली, "होप युवर टीम विन, अंकल." इतका सोज्ज्वळ सरकारी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून रोज सकाळी गणपतीला ताजं पाणी मिळू लागलं. काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे देवाचं काही करतायत."

आणि काय सांगावं, टीम जिंकायला लागली! एक, दोन, तीन मॅचेस ओळीने. जावईबापूंनी होमरन मारला त्या सकाळी काकांनी मला ऑफिसला जाताना एमआरटी मेट्रोच्या स्टेशनपर्यंत सोबत केली आणि वाटेत भेटेल त्याला हात केला. टोपी सरळ होती. अमेयचा फोन त्या दिवशी दोनदा आला. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, प्लॅटफॉर्मवर उभा राहून वरच्या दोन टीम्सचे निकाल बघत होतो.

मग एका सकाळी भैरवी पुन्हा बेसूर झाली. शेवटच्या इनिंगमध्ये हातातली मॅच गेली आणि तिच्याबरोबर गणितही संपलं. काकांचा मेसेज आला नाही. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. टोपी खुंटीला होती. उरलेल्या मॅचेस नावापुरत्या होऊन सीझन आटोपला आणि काकू म्हणाल्या होत्या तसा फोनही बंद झाला.

गणपती मात्र पाण्यातच. आठवडा गेला तरी काका रोज सकाळी वाडगा विसळत होते, ताजं पाणी भरत होते आणि देवाला परत आत बसवत होते. टीव्ही बंद होता. गणपती बंद टीव्हीकडे बघत बसला होता.

शनिवारी सकाळी मी चहाला गेलो आणि शेवटी बोललोच. "काका, आता काढा की त्याला बाहेर. टीम गेली."

"राहू दे."

"पुढच्या सीझनपर्यंत?"

"राहू दे रे."

काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी बशीत बिस्किट ठेवलं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. अमेय. काकांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी घाईघाईत स्पीकर लावला.

"काय झालं? बरा आहेस ना?"

"काही नाही बाबा. बरा आहे."

"मग? आज तर मॅच नाही."

"हो, माहितीये. रोज या वेळेला तुम्हाला फोन करायची सवय झालीये. सहज केला."

काका उभेच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, भिंतीवरच्या टोपीकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "जेवलास का?"

"खिचडी केली होती. खाली करपली."

"करपली?" काका खुर्ची ओढून बसले. "पाणी किती घातलं होतंस? गॅस मोठा होता का? तू मध्ये हलवलीस की नाही?"

ज्या माणसाने जन्मात कधी चहा केला नाही, तो माणूस अर्धा तास खिचडीवर बोलला. कुकरच्या शिट्ट्यांवर त्यांनी भैरवीवर करावं तितकं बारीक विवेचन केलं. अमेय हसत होता, उलट उत्तरं देत होता, पुढच्या आठवड्यात पुन्हा करून बघतो म्हणाला. काकू दारात उभ्या होत्या आणि पदराने चष्मा पुसत होत्या. मीही चहाच्या कपात डोकं खुपसलं होतं, कारण माझी अवस्था काही वेगळी नव्हती.

फोन ठेवल्यावर काका उठले. खिडकीशी गेले, वाडग्यात हात घालून गणपती बाहेर काढला, आपल्या स्वच्छ रुमालाने सोंड, कान, पोट निगुतीने पुसलं आणि त्याला देव्हाऱ्यात त्याच्या जागेवर ठेवलं. हात जोडले.

मी न राहवून म्हटलं, "पण काका, टीम तर हरली."

"अरे वेड्या," काका वाडग्यातलं पाणी तुळशीला घालत म्हणाले, "टीमसाठी देवाला कशाला पाण्यात घालीन मी? टीमला नवा पिचर हवाय."