तिसरं प्रकरण दिवाळीनंतर

एका जंगलात एक कॉलेज होतं. जंगल कुठलं, किती जुनं, तिथे पाऊस किती पडतो, हे सगळं आधी सांगायची मला फार हौस आहे. पण मुलांनो, तुम्ही आत्ताच जांभया द्यायला लागलात. मी जन्मभर साहित्याचा मास्तर, जांभई मला लांबून ओळखू येते. तेव्हा थेट गोष्टच सांगतो. निदान प्रयत्न करतो.

तर त्या कॉलेजात एक गवा शिकवायचा. त्याचं नाव शिंगाडे सर. अंगाने डोंगराएवढा, स्वभावाने गरीब. पुस्तकांवर त्याचा भारी जीव. फक्त पुस्तक उघडायची त्याला घाई नसे.

एका वर्षी अभ्यासक्रमात एक अमेरिकन कादंबरी लागली. तिचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की ते का पडलं हेही सांगावं लागेल, आणि तास संपेल. ती एका बायसनने लिहिली होती. बायसन म्हणजे तिकडच्या माळावरचा केसाळ गवा. शिंगाडे सरांच्या आनंदाला पारावार उरला नाही.

"लेखक आमच्या भावकीतला आहे," ते पहिल्याच तासाला म्हणाले. "तेव्हा आधी लेखक. मग लेखकाचा काळ. मग कादंबरी. घ्या लिहून."

मुलांनी लिहून घेतलं. लेखकाचे आजोबा कुठल्या नदीकाठी चरायचे. त्याची आई रुसून माहेरी का गेली. त्याला कुठलं गवत बाधायचं. सगळा पावसाळा यातच गेला. कुणाची तक्रार नव्हती. कारण 'लेखक व त्याचा काळ' हा प्रश्न दरवर्षी हमखास यायचा आणि त्याचं उत्तर माकडाच्या गाइडमध्ये तयार मिळायचं.

वर्गात केतकी नावाची चितळाची पोर होती. तिने एक आगाऊपणा केला. तिने कादंबरी वाचली.

एका सकाळी केतकी धापा टाकत वर्गात आली.

"सर, आमच्या पाणवठ्यावर माणसं आली होती. दोरी धरून मापं घेतली. मग खुंट्या ठोकल्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधून गेली."

"लाल? नक्की लाल?" सरांचे कान उभे राहिले.

"हो सर. कादंबरीत पहिल्याच प्रकरणात हे आहे. आधी खुंट्या येतात. मग रूळ येतात. मग माळावर बायसन उरत नाहीत. इथे रूळ नाही तर रस्ता येईल, पण येईल तो आमच्या पाण्यावरूनच."

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळा वर्ग तसाच उठवला आणि पाणवठ्यावर नेला. काठावरच्या जांभळींपासून पार पलीकडच्या बांबूच्या बेटापर्यंत खुंट्यांची रांग गेली होती. चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या.

"बघा!" सर गहिवरून म्हणाले. "काळ पुस्तकात वाचून कळत नाही. तो असा डोळ्यांनी बघावा लागतो. सगळ्यांनी सुबक आकृती काढा आणि नावं द्या."

मुलं आकृत्या काढायला बसली. सशाची खुंटी वाकडी आली म्हणून सरांनी त्याला पुन्हा काढायला लावली. केतकी मात्र सरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"सर, तिसऱ्या प्रकरणात पुढच्या माळावरचं एक वासरू अशाच खुंट्या उपटून टाकतं. माणसं पुन्हा मापायला येतात, वासरू पुन्हा उपटतं. शेवटी माणसं एकमेकांवरच चिडतात आणि रूळ टेकडीमागून नेतात. पाणी वाचतं, सर. मी सकाळी एक ओढून बघितली. माझ्या दातांना नाही दाद देत. तुम्ही नुसती मान हलवलीत तरी निघेल."

सरांचा चेहरा पडला.

"तिसरं प्रकरण? अगं, अजून लेखकाचा काळ व्हायचाय. काळ झाल्याशिवाय प्रकरणाचा अर्थ कसा लागणार? तिसरं प्रकरण दिवाळीनंतर."

"पण सर, तोवर रस्ता आला तर आम्ही पाणी कुठे प्यायचं?"

"प्रश्न फार चांगला आहे," सर मायेने म्हणाले. "पण परीक्षेला येत नाही." मग ते वर्गाकडे वळले. "आणि कुणीही खुंट्यांना तोंड लावू नका. शैक्षणिक साहित्य आहे ते."

हसू नका, मुलांनो. शिंगाडे सर वाईट नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. वर त्या चिंधीच्या लाल रंगावर निबंध वाचून शालही घेतली असती.

दिवाळी झाली. शिंगाडे सरांनी शब्द पाळला. पहिल्याच तासाला त्यांनी तिसरं प्रकरण उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वासरू पहिल्या खुंटीजवळ आलं. त्याने मान खाली घातली. तेवढ्यात पाणवठ्याच्या बाजूने घरघर सुरू झाली आणि एकामागून एक जांभळी कोसळल्याचा आवाज आला. सरांनी आवाज चढवला. वासराने खुंटी उपटली. सर थांबले. खाली मान घालून त्यांनी ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. आपली मान किती जाड आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्यांनी वर पाहिलं तर केतकीची जागा रिकामी होती. तिचा कळप सकाळीच पाण्याच्या शोधात डोंगरापलीकडे निघून गेला होता.

निकाल उत्तम लागला. आकृत्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. केतकी परीक्षेला बसली नाही.

पुढे डोंगरापलीकडे केतकीने एक कादंबरी लिहिली. त्या पाणवठ्याची. तिला प्रस्तावना मी लिहिली. ती कादंबरीहून जाड झाली आहे. केतकीने एकदा हळूच विचारलं, "सर, प्रस्तावना शेवटी टाकली तर?" मी तिला प्रस्तावनांचा इतिहास समजावून सांगितला. तिने पुन्हा विचारलं नाही.

ती कादंबरी आता अमेरिकेतल्या माळावरच्या एका कॉलेजात नेमली आहे. तिथले बायसन सर फार मन लावून शिकवतात म्हणे. सध्या माझी प्रस्तावना चालू आहे. परवा त्यांच्या वर्गातली एक पोर धापा टाकत आली आणि नदीकाठी कुणीतरी खुंट्या ठोकल्यात असं सांगू लागली. सरांनी लगेच सगळ्या वर्गाला आकृत्या काढायला नेलं.

तात्पर्य : लेखक आणि त्याचा काळ पुरता समजल्याशिवाय कादंबरी उघडू नये. थोडा धीर धरावा. तो काळ आपणहून आपल्या पाणवठ्यावर येतो, आणि मग कादंबरी वाचायची गरजच उरत नाही.