दहा सेकंदांची शांतता

बटण दाबल्यावर दहा सेकंद कुणीही बोलायचं नाही, एवढी एकच अट इंजिनिअरने घातली होती. तेवढ्या वेळात त्याची पेटी खोलीतला पंखा, एसी, खुर्च्यांची कुरकुर ऐकून घ्यायची आणि पुढे तो सगळा कचरा गाळून टाकायची. आठ माइक, प्रत्येक माइकमागे बत्तीस गाळण्या, आणि बोलणं चालू असतानाच त्या हव्या तशा बदलणार. या पेटीपायी तीन वर्षं तो घरच्यांना पारखा झाला होता. आज ती खपली नाही तर विभागाला टाळं आणि त्याची रवानगी वायरींच्या गोदामात, हे साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

खरेदीसाठी आलेल्या बाई शेजारच्या बंद खोलीत स्पीकरपुढे बसल्या; पेटीचा हिरवा दिवा लागेपर्यंत तो स्पीकर बंदच राहायचा. इकडे टेबलाभोवती साहेब धरून आठ जण. इंजिनिअरने बटण दाबलं.

"शांत!" साहेब म्हणाले. "अजिबात आवाज नकोय. अहो कोपऱ्यातले, ते पेन खाली ठेवा. दहा सेकंद तोंड बंद ठेवता येत नाही का माणसाला?"

हिरवा दिवा लागला. पेटी आज्ञाधारक होती. तिने साहेबांचा आवाज कचऱ्यात जमा केला.

बैठक सुरू झाली. इंजिनिअरने हेडफोन कानाला लावला. सात जण अगदी स्वच्छ ऐकू येत होते. आठव्या माइकपुढे साहेब जोरजोरात हातवारे करत होते आणि हेडफोनमध्ये चिडीचूप.

"साहेब, पेटीला पुन्हा शिकवावं लागेल," तो चाचरत म्हणाला. "दहा सेकंद कुणीच बोलायचं नाही. म्हणजे... कुणीच." त्याने पुन्हा बटण दाबलं.

"ऐकलंत?" साहेब कडाडले. "कुणीच म्हणजे कुणीच! एकेकाला वेगळं सांगायचं का आता?"

पुन्हा हिरवा दिवा.

तिसऱ्या खेपेला इंजिनिअरने जिवावर उदार होऊन चिठ्ठी लिहिली, साहेबांपुढे सरकवली आणि मगच बटण दाबलं. साहेबांनी चष्मा लावला.

"'कृपया आपणही गप्प बसावे.' बरोबर लिहिलंय. सगळ्यांनी लक्षात ठेवा."

इंजिनिअरने हात टेकले. पाऊण तास बैठक झाली, त्यात अर्धा तास साहेब बोलले. तो मनातल्या मनात गोदामातलं आपलं टेबल लावत बसला.

बैठक संपल्यावर बाई आत आल्या त्या हसतच.

"पेटी घेतली आम्ही. काय स्वच्छ ऐकू येतं! आणि साहेब, तुमची माणसं काय शांतपणे, थांबून थांबून बोलतात. तुम्ही तर एक शब्द बोलला नाहीत. हाताखालच्यांना एवढं बोलू देणारा साहेब मी पहिल्यांदाच पाहिला."

साहेबांना भरून आलं. एक शब्द नाही, हे जरा जास्तच होतं, पण स्तुतीत एवढं चालायचंच.

"त्याचं रेकॉर्डिंग द्या हो मला," ते इंजिनिअरला हळूच म्हणाले. "घरी ऐकवतो. बायको म्हणते, मी कुणाला बोलूच देत नाही."

इंजिनिअरने लगेच काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन वाजला.

"मी साहेबांची मिसेस बोलतेय. रेकॉर्डिंग ऐकलं. आम्हाला एक पेटी हवीय घरी. चालवायला अवघड आहे का हो?"

"छे हो, वहिनी," इंजिनिअर म्हणाला. "बटण दाबायचं आणि साहेबांना म्हणायचं, दहा सेकंद गप्प बसा."