अण्णांच्या गाडीचे प्लग

आमच्या गिरगावच्या वाडीत एक माणूस रोज संध्याकाळी आपल्या गाडीचे चारही स्पार्क प्लग काढतो, पुसतो, त्यांना शिव्या घालतो आणि तेच खराब प्लग परत बसवतो. तळमजल्यावरचे अण्णा राणे. त्यांची बंद गाडी पुढे, माझी मागे. म्हणजे ऑफिसला निघताना रोज आधी मी अण्णांची गाडी ढकलायची, मग माझी काढायची. डोकं फिरणार नाही तर काय होईल!

"अण्णा, नवे प्लग टाका ना!"

"टाकतो. चांगला मिळू दे."

कसला मिळतोय! ऑपेरा हाउसचे स्पेअर पार्टवाले त्यांना लांबून बघूनच शटर ओढत असतील. एक प्लग लवकर तापतो, दुसऱ्याचा आटा आखूड, तिसऱ्याची फट जास्त. "ठिणगीला एवढी उडी मारायची असते रे. तू मारशील?" वर माझंच बॉनेट उघडून, डॉक्टर जीभ बघतात तसा माझा प्लग बघणार. "काळा पडलाय. जास्त पितेय गाडी. मालकावर गेलीय." अहो, मी आयुष्यात सोड्याच्या पुढे गेलेलो नाही!

बॅटरी मात्र टकाटक. पोरांचा बॉल गाडीला लागला की हॉर्न वाजवायला नको?

या सगळ्या खटाटोपात राणेकाकू गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या असत. चांगली साडी, मांडीवर पिशवी. नवऱ्याच्या वेडापायी बिचारी डास चावून घेते, असं मला वाटायचं आणि अण्णांचा आणखीच राग यायचा.

गेल्या रविवारी माझा पारा चढला. गाडीच्या पुस्तिकेतल्या नंबरचे चार प्लग घेऊन आलो. अण्णा मासळी आणायला गेले होते. काकूंकडे किल्ली मागितली, त्यांनी हसत दिली. फट मोजली, प्लग आधी हाताने फिरवून मग पान्याने बेताने आवळले आणि किल्ली फिरवली. दोन आचके देऊन गाडी सुरू! ऐटीत वळून बघतो तर काकू साडी बदलून, पिशवी घेऊन दारात.

"झाली सुरू? चला देवगडला. आई वाट बघत असेल."

काकू पंच्याहत्तरीच्या. मग त्यांची आई किती वर्षांची?

तेवढ्यात अण्णा आले. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी मासळीची पिशवी तिथेच टाकली आणि मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"कोणी सांगितलं होतं तुला, मेल्या? रोज संध्याकाळी ती माहेरी निघते. तिथे आई नाही, भाऊ नाही, घरही पडलं. खरं सांगितलं तर रोज नव्याने रडते. प्लग खराब आहे म्हटलं की गप्प बसते. आता कुठे नेऊ हिला, सांग!"

"मग आम्हाला सांगायला काय झालं होतं?" मीही भडकलो. "इतके महिने गाडी ढकलतोय मी!"

"म्हणजे सगळी वाडी तिच्याकडे कीव करून बघणार. नको. मला वेडा म्हणा, चालेल."

राग कोणावर काढायचा तेच कळेना. मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि फडक्याने धरून एक कोरा प्लग बाहेर काढला.

"काकू, हा नाही चालणार हो. वेळ लागेल."

"लागू दे." काकू गाडीत बसल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही कशाला उन्हात उभे? बसा माझ्याजवळ. उशीर झाला म्हणून सांगू आईला."

अण्णा बसले. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. मी बॉनेटच्या आड तोंड लपवून तो चांगला प्लग पुसत राहिलो.