माझ्या चालीचा चोर

अख्ख्या टेनेसीत माझ्यासारखी चाल बांधणारा दुसरा कोणी नाही, हे मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. छप्पन्न सालचा उन्हाळा होता. नवं गाणं तयार होतं आणि पुढच्या बुधवारी मेम्फिसला त्याचं रेकॉर्डिंग व्हायचं होतं. चाल अशी, की मुडद्यानेही उठून कंबर हलवावी!

ती कोणी चोरू नये म्हणून मी कपड्यांच्या कपाटात शिरून, बायकोच्या कोटांत तोंड खुपसून तालीम करायचो. चाल ठाऊक होती फक्त आमच्या ड्रमवाल्याला, व्हर्जिलला.

गुरुवारी दूधवाला दारात बाटल्या ठेवताना शीळ घालत होता. माझीच चाल! जरा संथ होती, पण माझीच!

"कुठे ऐकलीस?" मी त्याची कॉलर धरली.

"आता काय सांगू... सगळेच म्हणतात की!"

सगळेच? शुक्रवारी न्हावी माझी दाढी करता करता तेच गुणगुणला. वस्तरा गळ्यावर असल्यामुळे मी गप्प बसलो. शनिवारी व्हर्जिलकडे गेलो, तर त्याची बायको कणीक मळताना तेच गात होती. झालं! चोर सापडला!

"किती जणांना ऐकवलीस रे, घरभेद्या?"

"डेल्मर, डोकं फिरलंय का तुझं? बायबलवर हात ठेवून सांगतो, एकालाही नाही!"

"ठेवच! उद्या चर्चमध्ये, पाद्रीबाबांसमोर!"

बँड काढल्यापासून आम्ही दोघांनीही चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. रविवारी आम्ही रागारागाने एकाच बाकावर बसलो, मध्ये माझी बायको ओनीडा. ऑर्गन सुरू झाला, दोनशे माणसं उभी राहिली आणि एका सुरात माझी चाल गाऊ लागली!

"चोर!" मी बाकावर चढून ओरडलो. "सगळेच्या सगळे चोर!"

ऑर्गन थांबला. तो वाजवणाऱ्या ऐंशी वर्षांच्या युलाली बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"डेल्मर, खाली उतर. हे भजन माझी आजी म्हणायची. आईच्या मांडीवर तू याच भजनाला झोपायचास."

व्हर्जिल हसून हसून बाकावरून घसरला.

"आणि तू? तू तर घरात ऐकत होतीस, मग सांगितलं का नाहीस?" मी ओनीडावर खेकसलो.

तिचे डोळे भरून आले होते. "कपाटातून आवाज यायचा. मला वाटलं, माणूस सुधारला, लपून प्रार्थना करतोय!"

मी व्हर्जिलची माफी मागितली. त्याने ती तीनदा मागायला लावली, शेवटची पाद्रीबाबांसमोर.

पण बुधवार तोंडावर आलेला! दोन दिवस घाम गाळून मी दुसरी चाल बांधली, पहिलीपेक्षाही झकास! या वेळी मात्र शहाणपणा केला. मंगळवारी आधी युलाली बाईंच्या घरी जाऊन, गिटार वाजवत, सगळं गाणं म्हणून दाखवलं.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. पायाने ठेकासुद्धा धरला! मग भजनांचं पुस्तक मांडीवर घेतलं, बोट ओलं करून पानं उलटली आणि मायेने म्हणाल्या,

"भजन नंबर एकशे बारा, बाळ."