काय अडते ते पाहण्याची शास्त्रीय पद्धत

जगात कोण कशासाठी आहे, हे त्याला काढल्याशिवाय कळत नाही. जीवाणूशास्त्र या सत्यावर उभे आहे आणि मुरबाडच्या आमच्या महाविद्यालयात ते शिकवायला, अकरा महिन्यांच्या करारावर, मी उभा आहे.

पद्धत सोपी आहे. डीएनएचा एक उडता तुकडा जीवाणूत सोडायचा. तो कुठल्या तरी जनुकात घुसतो आणि ते जनुक बंद पडते. (तुकडा येताना कॅनामायसिनला दाद न देण्याचा गुण घेऊन येतो, म्हणून ते औषध घातलेल्या डिशमध्ये घुसखोरी झालेलेच तेवढे जगतात.) मग काय अडले ते पाहायचे. शहापूरच्या भातखाचरातून आणलेला आमचा जीवाणू गुलाबी. डिशमध्ये वाढलेल्या वसाहतींच्या सहा हजार ठिपक्यांत एक पांढरा निघाला, म्हणजे त्याचे मोडलेले जनुक रंगाचे. मी आनंदाने ओरडलो. प्रयोगशाळा परिचर रंभाताई म्हणाल्या, "मोडून ठेवलंत नि वर नाचता काय, सर?"

या कैफात मी स्टाफ मीटिंगमध्ये सुचवले, की हीच कसोटी कर्मचाऱ्यांना लावावी. प्रत्येकाला आळीपाळीने चार दिवस घरी बसवावे. प्राचार्यांना करार वाढवायला निकष हवाच होता. ठराव एकमताने झाला. (सूचक: मी.)

निष्कर्ष असे. रंभाताई नसताना भांडी वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह कुणाला लावता येईना. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बुरशीने ताब्यात घेतली. शिपाई वाल्मिक नसताना घंटाच झाली नाही आणि इतिहासाचा एक तास सव्वातीन तास चालला. प्राचार्य नसताना सह्या अडल्या, कामे झाली.

मग मी घरी बसलो. चार दिवस फोन हातातून सोडला नाही. पाचव्या दिवशी जाऊन भीतभीत विचारले, "ताई, काय अडलं?"

"काय नाय. पोरांनी प्रॅक्टिकल केलं." मग डिश पुसत, "तुमी कुठं गेलता का?"

मला वाईट वाटले, लपवत नाही. दोन दिवस जेवण गेले नाही. पण शास्त्र दयाळू आहे. जे मोडून काहीच अडत नाही असे जनुक जीवाणू लगेच फेकून देत नाही; पिढ्यान्‌पिढ्या उतरवत बसतो, आणि आम्ही तक्त्यात त्यापुढे 'कार्य अज्ञात' लिहितो. अशी जनुके शेकड्यांनी असतात. प्राचार्यांना हा मुद्दा पटला. माझा करार वाढला आणि कामाच्या रकान्यात त्यांनी तेच दोन शब्द लिहिले.

हसलात? मग उद्यापासून चार दिवस कुणाला न सांगता कामावर जाऊ नका. फोन चार्ज करून ठेवायची गरज नाही.